पाव किलोसाठी पंधरा किलोमीटरची गाडी

पावसाळा अर्धा सरला की सातारा-सांगलीकडच्या माणसाला सकाळी पेपरात एकच आकडा आधी बघायचा असतो. कोयना किती भरली? सत्तर? ब्याऐंशी? शंभरी गाठली का? १०५.२५ टीएमसीला धरण काठोकाठ. मग सहा वक्र दरवाजे उचलले जातात आणि कराडच्या प्रीतिसंगमापासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत सगळ्यांचे कान टवकारतात.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये बोलायचं तर २,८३२ कोटी लिटर. त्याला १०५.२५ ने गुणा. २ लाख ९८ हजार कोटी लिटर! एवढं पाणी एका भिंतीनं अडवलंय. भिंत किती? लांबी ८०७ मीटर, उंची १०३ मीटर.

आता या भिंतीकडं पाठ फिरवा आणि कोयनानगरातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या दारात उभे राहा. वर्गाचा पट समजा पस्तीस. कुणी शेंबूड पुसतंय, कुणी बाकावर नाव कोरतंय, कुणाचं लक्ष खिडकीबाहेरच्या म्हशीकडं. या पस्तीस डोक्यांतल्या चेतापेशी मोजू. एका मेंदूत ८,६०० कोटी. पस्तीस मेंदूंत ३ लाख १ हजार कोटी. म्हणजे धरणात जितके लिटर पाणी, त्याहून जास्त पेशी या एका वर्गात! हजेरी पूर्ण लागली की सांडव्यावरून पाणी वाहायला लागलंच म्हणून समजा.

हा ८,६०० कोटींचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. सुझाना हर्कुलानो-हुझेल या ब्राझीलच्या शास्त्रज्ञ बाईंनी मेंदूचं अक्षरशः सूप केलं, ते एकजीव ढवळलं आणि त्यातल्या थोड्या सुपातली पेशीकेंद्रं मोजून अख्ख्या मेंदूचा हिशोब काढला. २००९ साली तो जगापुढं आला. त्याआधी सगळे सरसकट दहा हजार कोटी म्हणत. बाईंनी चौदाशे कोटींची चूक पकडली! या पेशी सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलात, जेवण नाही, झोप नाही, तर २,७०० वर्षं लागतील. गौतम बुद्ध जन्माला यायच्या आधी कुणी सुरुवात केली असती, तर तो आत्ता कुठं शेवटच्या पेशीपाशी आला असता.

आणि नुसत्या पेशी मोजून काय होणार? त्या एकमेकींना जोडायला नकोत? पहिल्या काही वर्षांत लेकराच्या मेंदूत सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात, असं हार्वर्डची बालविकासाची मंडळी सांगतात. सेकंदाला दहा लाख! आई दादरला बाळाला मांडीवर घेऊन शिवनेरीत बसली आणि चार तासांनी पुण्यात उतरली, तर मधल्या वेळात त्या झोपलेल्या डोक्यात १,४४० कोटी जोडण्या झाल्या. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या थोडी वर. घाटातल्या ट्रॅफिकला शिव्या घालताना आपल्याला याचा पत्ताही नसतो.

एवढा कारखाना चालायचा तर वीज लागणारच. कोयनानगरात विजेची गोष्ट कुणाला समजावून सांगायला नको, गावच विजेसाठी वसलेलं. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. आता पाच वर्षांच्या पोराकडं बघा. त्याला दिवसाला साधारण १,३६० किलोकॅलरी लागतात. २०१४ साली ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, की या वयात दिवसभराच्या ऊर्जेतले ४३ टक्के एकटा मेंदू खातो. शंभरातले त्रेचाळीस! नुसतं पडून असलेल्या पोराचा हिशोब धरला तर ६६. मोठ्या माणसाचा मेंदू पडल्या पडल्या वीस टक्क्यांवर भागवतो. पोरगं उभं वाढायचं सोडून आधी मेंदू पोसतं. म्हणूनच या वयात अंग सावकाश भरतं, असं ही मंडळी म्हणतात.

४३ टक्के म्हणजे ५८५ किलोकॅलरी. विजेच्या भाषेत दोन तृतीयांश युनिट. म्हणजे त्या एवढ्याशा टाळूखाली दिवसरात्र अठ्ठावीस वॅटचा दिवा जळतोय. पस्तीस पोरांचा वर्ग जवळपास एक किलोवॅट. आणि कोयनेची सगळी जनित्रं एका वेळी पूर्ण ताकदीनं फिरवली तर किती पोरांचे मेंदू उजळतील? सात कोटी! वाटलं ना पुरे? नाही पुरत. २०२३-२४ च्या सरकारी मोजणीत देशातल्या शाळांत २४.८ कोटी मुलं होती. मोठ्या मुलांना थोडी कमी वीज लागते, म्हणून सरासरी पंचवीस वॅट धरू. ६,२०० मेगावॅट! सह्याद्रीत अशा तीन कोयना खोदल्या तरी शेवटच्या बाकावरची पोरं अंधारातच.

मग ही वीज येते कुठून? डब्यातून. मधल्या सुट्टीतून. इथं दुधाचा पेला येतो.

दोनशे मिलिलिटरचा पेला. गाईचं दूध धरलं तर साधारण १३० किलोकॅलरी. पाच वर्षांच्या मेंदूला तासाला चोवीस लागतात. भागाकार करा. पाच तास वीस मिनिटं! प्रार्थनेपासून घंटा होईपर्यंत शाळा जेवढी चालते, तेवढा वेळ एक पेला दूध मेंदूचा दिवा पेटता ठेवतं. म्हशीचं असेल तर आठ तास, म्हणजे शाळा सुटून गृहपाठही व्हावा. (पोरगं गृहपाठाला बसेल का, ते म्हशीच्या हातात नाही.) अर्थात नुसती ऊर्जाच हवी असेल तर भाकरीही ती देते, बिस्किटाचा पुडाही देतो. दुधाची खरी करामत वेगळीच आहे, आणि ती मोजायची तर किलो-लिटर सोडून थेट ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात उतरावं लागतं.

आधी वायरिंग बघू. मेंदूतल्या पेशींना लांबच लांब तारा असतात आणि त्यांतल्या कित्येक तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन असतं, वायरवर रबर असतं तसं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ साली या वेष्टनवाल्या तारांची लांबी मोजली. वीस वर्षांच्या तरुण मेंदूत दीड लाख ते पावणेदोन लाख किलोमीटर! कवटी ती केवढी, नारळाहून थोडी मोठी. आत मुंबई-पुणे हजार वेळा. एक्स्प्रेसवेनं रोज एक फेरी धरली, दसरा-दिवाळीलाही खाडा नाही, तर तेवढं अंतर कापायला पावणेतीन वर्षं लागतील.

आणि वेष्टनाचा फायदा किती? चांगलं वेष्टन चढलेल्या जाड तारेतून निरोप सेकंदाला १२० मीटरपर्यंत पळतो. ताशी ४३२ किलोमीटर. वंदे भारत ताशी १६० ला पोचली की आपण मोबाइल काढून व्हिडिओ घेतो! या वेगानं मुंबईहून सुटलेला निरोप एकवीस मिनिटांत पुण्यात. वेष्टन नसलेल्या बारीक तारेतून तोच निरोप सेकंदाला मीटरभर सरकतो. पुण्याला पोचायला बेचाळीस तास. एक निरोप चहा व्हायच्या आत हजर, दुसरा परवा दुपारी.

हे वेष्टन धड राहायला जे लागतं त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येतं. ब जीवनसत्त्वांमधलं बारावं, म्हणजे बी-ट्वेल्व्ह. लागतं किती? लहान मुलाला दिवसाला एक-दोन मायक्रोग्रॅम. चिमूट म्हणावं तर चिमटीत येणार नाही, कण म्हणावं तर दिसणार नाही. आपल्या एका पेल्यात असतं साधारण एक मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचे पाच-सहाशे तुकडे केले तर त्यातला एक एवढ्या वजनाचा भरेल.

एवढंच? थांबा, त्यातले रेणू मोजू. चव्वेचाळीस लिहा आणि पुढं तेरा शून्यं द्या. हे सगळे रेणू ८,६०० कोटी पेशींत सारखे वाटले तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला पाच हजारांवर रेणू! अर्धे वाटेत आतड्यातच राहिले तरी अडीच हजार. शरीर असं सारखं वाटत बसत नाही हे खरं. यकृत स्वतःचा साठा करतं, रक्ताला वेगळं लागतं. पण डोळ्याला न दिसणाऱ्या कणाची ही दौलत बघा. ग्रामपंचायत घरटी एक पाण्याची टाकी देऊ शकत नाही आणि इथं प्रत्येक पेशीला हजारोंनी वाटप.

हे रेणू म्हैस बनवत नाही. गाय बनवत नाही, गवत बनवत नाही, आपण तर मुळीच नाही. ते बनवतात जंतू. धार काढायच्या वेळी गोठ्यात जाऊन बघा. मालकीण कासंडी गुडघ्यात धरून बसते, रेडकाला चार थेंब ओढू देते, म्हैस पान्हा सोडते आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करत राहते. तिच्या पोटातला सगळ्यात मोठा कप्पा सहज शंभर लिटरचा. त्यातल्या एका चमच्यात देशातल्या माणसांपेक्षा कमी जंतू नसणार, कारण मिलिलिटरला हजार कोटी ही तर सुरुवात आहे. शंभर लिटरला दहा कोटी कोटी! कोटीला कोटीनं गुणा, वर दहानं गुणा. या वसाहतीतले कित्येक जंतू मातीतून आलेला कोबाल्टचा लवलेश घेऊन बी-ट्वेल्व्ह घडवत बसलेले असतात, आणि आपण धार चुलीवर ठेवून सायीवरून भांडतो.

आता जरा पुण्याला जाऊ, कारण आपल्या मराठी मुलुखातला याचा एक मोठा अभ्यास तिथलाच. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तीनपैकी दोन आयांच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. पुढं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या शंभरावर मुलांना कोडी घातली. रंगीत आकड्यांचे ठिपके क्रमानं जोडायचे, बस. ज्यांच्या आयांना गरोदरपणी हे जीवनसत्त्व भरपूर होतं त्या मुलांना सरासरी १५९ सेकंद लागले. ज्यांच्या आयांना फार कमी होतं त्यांना १८२. ऐकलेले आकडे उलटे म्हणून दाखवायच्या खेळातही ती जराशी मागं पडली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

तेवीस सेकंद. चहात साखर ढवळायला लागतात तेवढे. पण आपला छंद गुणाकाराचा. पाच तासांच्या शाळेत प्रत्येक कामाला याच हिशोबानं उशीर होत गेला तर दिवसाकाठी ३८ मिनिटं जातात. शाळेचा एक तास असतो पस्तीस मिनिटांचा! म्हणजे सगळा वर्ग सातवा तास शिकत असताना हे पोरगं अजून सहाव्यातच. वर्षाचे २२० दिवस धरा, जवळपास २४० तासिका साफ. हा गमतीचा हिशोब आहे, डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही. पण मटण-अंडं ज्या घरात येत नाही, तिथं ताटातून या जीवनसत्त्वाचा रस्ता मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांच्यावरूनच जातो, एवढं मात्र पक्कं.

मग दूध पाजलं की पोरगं पहिलं येतं का? इतकं सोपं नाही हो. केनियातल्या एम्बू भागात १९९८ पासून बारा शाळांमधल्या साडेपाचशेच्या आसपास मुलांवर मोठा प्रयोग झाला. मका-घेवड्याची उसळ मधल्या खाऊला. काहींना तीत मांस, काहींना सोबत पेलाभर दूध, काहींना नुसतं जास्तीचं तेल, आणि काहींना खाऊच नाही. आकृत्यांच्या कोड्यांत पहिला नंबर मांसवाल्यांचा. दूधवाल्यांनी तिथं काही झेंडा लावला नाही, त्यांतली लहान आणि बुटकी पोरं उंचीत तेवढी पुढं सरकली. कोल्हापूरकर हे वाचून खूश होतील.

आणि दूधप्रयोगांची आजी तर त्याहून मजेदार. स्कॉटलंडमधलं लॅनार्कशायर, साल १९३०. सदुसष्ट शाळा, वीस हजार मुलं. दहा हजारांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध, म्हणजे आपले सव्वाचारशे मिलिलिटर. बाकी दहा हजार बिनदुधाची. रोजचं दूध सव्वाचार हजार लिटर, खर्च साडेसात हजार पौंड. उंची-वजन मोजायचं होतं, बुद्धी नाही. पण कोण कुठल्या गटात, हे ठरवताना शिक्षकांना थोडी मोकळीक दिलेली, आणि मास्तर मंडळी पडली मायाळू. अंगानं हडकुळी, गरिबाघरची पोरं नकळत दुधाच्या रांगेत सरकली. परिणाम काय? बिनदुधाचा गट पहिल्याच दिवशी उंचीत चार महिने आणि वजनात तीन महिने पुढं! शिवाय वजनं घेतली कपड्यांसकट, फेब्रुवारीत लोकरीचे कपडे आणि जूनमध्ये सुती. ही गफलत १९३१ साली ज्यानं जगापुढं मांडली तो विल्यम गॉसेट, ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लिहिणारा थोर संख्याशास्त्रज्ञ, नोकरीला होता गिनेसच्या बिअर कारखान्यात. वीस हजार पोरांच्या दुधाचा हिशोब बिअरवाल्यानं तपासला! मला विचाराल तर त्या मास्तरांनी शास्त्र बिघडवलं आणि काम चोख केलं.

असो. एका पोराचा पेला झाला. आता देशाची कासंडी उपडी करू.

२०२३-२४ मध्ये भारतात २३ कोटी ९३ लाख टन दूध निघालं. जगातलं चौथ्या हिश्श्याचं दूध आपलं, पहिला नंबर आपला. लिटरमध्ये २३,२०० कोटींच्या वर. दिवसाला ६३ कोटी ६० लाख लिटर. वीस फूट व्यासाची आणि चाळीस फूट पाणी असलेली आपली एक बऱ्यापैकी विहीर म्हणजे साडेतीन लाख लिटरहून थोडी जास्त. तशा १,७८० विहिरी, रोज सकाळी काठोकाठ दुधानं भरलेल्या! लिटरला पन्नास रुपये धरा, दिवसाचे ३,१८० कोटी रुपये.

आता हे दूध रेल्वेत चढवू. रेल्वेनं दूध नेणं आपल्याला नवं नाही. १९३९ साली सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला चितळ्यांनी दुधाचा धंदा मांडला तो रेल्वेच्या भरवशावर, भिलवडीचं दूध मुंबई गाठायचं. हल्ली आंध्रातल्या रेणिगुंट्याहून दिल्लीला दूध दुरांतो जाते, तिच्या एका टँकरडब्यात चाळीस हजार लिटर बसतं. आपलं एका दिवसाचं दूध भरायला असे डबे किती? १५,९००. एक डबा बारा मीटरचा धरा आणि एकामागं एक जोडत चला. एकशे एक्क्याण्णव किलोमीटर! सीएसएमटी ते पुणे रेल्वेनं किती? एकशे ब्याण्णव! म्हणजे शेवटचा डबा बोरीबंदरच्या फलाटाला टेकलेला, मधले डबे ठाण्यातून, कल्याणातून, कर्जतवरून खंडाळ्याच्या बोगद्यांत घुसलेले, लोणावळ्यात चिक्कीवाले आ वासून बघतायत, आणि इंजिन पुणे स्टेशनच्या तोंडाशी. ही एका दिवसाची गाडी. उद्या पहाटे दुसरी भरून तयार. परवा तिसरी. वर्षाला ३६५.

आता वाटेल, एवढ्या दुधात कोयना बुडून जाईल. ओता बघू. वर्षभराचं, सगळ्या देशाचं दूध, कोयनेच्या शिवसागर जलाशयात. किती भरलं? ८.२ टीएमसी! धरणाचा बारावा हिस्साही नाही. कोयना काठोकाठ भरायची तर अख्ख्या भारताला पावणेतेरा वर्षं धारा काढत बसावं लागेल. बरं, जगातलं सगळं दूध आणलं तर? तेहतीस टीएमसी, फार तर तिसरा हिस्सा. पोफळीच्या टर्बाइनांवर दरवर्षी ६७.५ टीएमसी पाणी सोडायची मुभा आहे. त्या हिशोबानं भारताचं वर्षाचं दूध दीड महिन्यात खाली वाशिष्ठीत गेलंसुद्धा. धरण म्हणजे काय चीज आहे, ते असं दूध ओतल्यावर कळतं.

पण जनावराची बाजू अजून मांडलीच नाही. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. पोराच्या एका पेल्यामागं ऐंशी-शंभर लिटर. दिवसाला वीस लिटर देणाऱ्या गाईच्या कासेतून रोज एक टँकरभर रक्त वाहून जातं, आठ ते दहा हजार लिटर. आता चारशेनंच गुणा, देशाच्या वर्षाच्या दुधाला. ३,२८० टीएमसी! एकतीस कोयना! बच्छावत लवादानं महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र अशा तिघांत वाटलेलं कृष्णा खोऱ्यातलं भरवशाचं सगळं पाणी होतं २,०६० टीएमसी. त्यावरून राज्यं पन्नास वर्षं कोर्टात भांडतायत. त्याच्या दीडपटीहून जास्त रक्त आपल्या गाई-म्हशी दरवर्षी कासेतून फिरवतात, आणि लवाद नाही, तारीख नाही, तक्रार नाही.

एवढं सगळं झाल्यावर शेवटचा हिशोब शाळेचा. देशातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला मधल्या सुट्टीत एक पेला द्यायचा. चोवीस कोटी ऐंशी लाख पेले. गाडीतले किती डबे लागतील? पुण्यापर्यंतची गाडी आहे, लोणावळ्यापर्यंतचे? कर्जतपर्यंतचे? निदान कल्याण?

कुर्ला. बोरीबंदर, दादर, शीव, आणि कुर्ला यायच्या आत संपलं. १,२४० डबे, पंधरा किलोमीटरही पूर्ण नाहीत. शंभर लिटरमधले आठ लिटर नाहीत. उरलेले १७६ किलोमीटर आपल्या चहाला, मिठाईला, लोण्याला, लग्नाच्या बासुंदीला आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्यांना मोकळे!

त्या पंधरा किलोमीटरांत भरलंय काय काय? प्रथिनं १,५८७ टन, दहाटनी ट्रकांत घातली तर १५९ ट्रक. कॅल्शियम साठ टन. ऊर्जा पावणेचार कोटी युनिट, म्हणजे कोयना प्रकल्प पूर्ण ताकदीनं एकोणीस तास चालवावा तेवढी. आणि बी-ट्वेल्व्ह? देशातल्या झाडून सगळ्या शाळकरी मुलांचं, एका दिवसाचं, सगळं मिळून? २४८ ग्रॅम.

पाव किलो! किराणा दुकानात शेंगदाणे मागतो तेवढं. बाराशे चाळीस टँकर आणि पंधरा किलोमीटरची रांग, आत मेंदूच्या तारांचा माल पाव किलो. दूध पन्नास रुपये लिटर धरलं तर खर्च २४८ कोटी रुपये. माल २४८ ग्रॅम, खर्च २४८ कोटी. ग्रॅमला एक कोटी!

हिशोबी माणूस इथं लगेच म्हणेल, मग गोळी द्या की. द्या ना, जिथं रक्तात कमी निघेल तिथं डॉक्टर देतीलच. पण गोळीमागं ते १५९ ट्रक येत नाहीत, एकोणीस तासांची कोयना येत नाही. आणि मधल्या सुट्टीत गोळीवर कुणाच्या ओठावर पांढरी मिशी उमटत नाही. पेढ्याबद्दल विचाराल तर दूध आटवलेलं असलं तरी साखर बेसुमार, तो निकालाच्या दिवशीचा खाऊ. रोजच्याला दूध, दही, ताक. दह्याची तर आणखी चैन. नियमानं ग्रॅमला किमान एक कोटी जिवंत जंतू हवेत, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत शंभर कोटी. त्यांचं मेंदूशी नातं काय, ते तपासायचं काम अजून चालू आहे. दूध पचत नाही अशा पोरालाही दही बहुधा मानवतं. आणि ज्या घरात अंडं चालतं, तिथं अंडं द्या. म्हैस रागावणार नाही.

शाळेत प्रत्येकाला पेला, हे होण्यासारखं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यातलं जत ओलांडलं की कर्नाटक. तिथं १ ऑगस्ट २०१३ पासून क्षीरभाग्य योजना चालू झाली. अठरा ग्रॅम दुधाची पावडर, कोमट पाणी, दीडशे मिलिलिटर दूध, शाळा-अंगणवाड्यांतली कोटीच्या घरात मुलं. एका दिवसाला पंधरा लाख लिटर, रेल्वेचे अडतीस डबे. सीमेच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं पोरगं सारख्याच म्हशीकडं बघत शाळेत जातं.

एका पेल्याला दहा रुपये. कुरकुरीत पुड्याची किंमतही तेवढीच, आणि त्यात निम्मी हवा. तेव्हा आईबाबांनो, उद्याच्या दहा रुपयांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. सरकारला एवढंच सांगणं, की कुर्ल्यापर्यंतचे डबे शाळांकडं वळवा. बाकीची गाडी खुशाल पुण्याला जाऊ द्या.